हसू आलं नाही तरी चालेल: हास्यक्लबात नव्याने येणाऱ्यांसाठी

दर महिन्या-दोन महिन्यांनी आमच्या बागेत एक नवा माणूस दिसतो. हास्यक्लबाच्या गोलापासून पंधरा-वीस पावलांवर उभा राहून बुटाची नाडी बांधत असतो. नाडी सुटलेली नसते. नजर गोलाकडे. तिथे तीस-चाळीस माणसं हात वर करून आभाळाकडे बघत खदाखदा हसत असतात आणि कुणी विनोद सांगितल्याचं तर काही दिसत नाही. सहा वर्षांपूर्वी मीही अशीच नाडी बांधली होती, लागोपाठ तीन दिवस. चौथ्या दिवशी घाईत सँडल घालून गेलो, मग काही इलाजच उरला नाही.

हा लेख त्या नाडीवाल्यांसाठी.

पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मला हसूच येत नाही हो, मी येऊन काय करू?" अहो, यायची गरजच नाही. सूर्यनमस्कार 'येण्याची' आपण वाट बघतो का? घालतो. इथे हसणंही तसंच घालायचं असतं, हातपाय हलवून, श्वास मोजून. खरं हसू मागाहून कधी येतं, कधी येत नाही. आलं तर बोनस. एवढी एक गोष्ट मनात पक्की केली की बाकीचं सगळं सोपं आहे.

विनोद संपले आणि हास्ययोग सुरू झाला

ही पद्धत मुंबईची. डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत पहिला हास्यक्लब भरवला, तेव्हा जमले होते अवघे पाच जण. सुरुवातीला एकाने मध्ये येऊन विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचं, असा साधा प्रकार होता. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले. मग जे उरतात ते सुरू झाले: चावट, कुणाच्या जातीवर, कुणाच्या बायकोवर. लोक दुखावले, क्लब सोडायची भाषा होऊ लागली. आपल्याकडच्या कुठल्याही फॅमिली व्हॉट्सअॅप ग्रुपचा इतिहास साधारण असाच असतो.

कटारियांनी विनोदच काढून टाकला. कारणाशिवाय हसून बघायचं ठरलं. एकाला बघून दुसऱ्याला हसू फुटतं, हे तिथे सगळ्यांच्या लक्षात आलं. त्यांच्या पत्नी माधुरी कटारिया योग शिकवायच्या. त्यामुळे दोन हसण्यांच्या मध्ये दीर्घ श्वसन आलं आणि नावात 'योग' आला. पुढे हा प्रकार शंभरावर देशांत पोचला. मे महिन्याचा पहिला रविवार जागतिक हास्यदिन म्हणून पाळतात, त्याची सुरुवातही 1998 साली मुंबईतच झाली. पुण्यात विठ्ठल काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवाराने गल्लोगल्लीच्या बागांत शाखा काढल्या. त्यामुळे पुणेकराला हास्यक्लब शोधावा लागत नाही, सकाळी खिडकी उघडी ठेवली की तो आपोआप सापडतो.

आधी घरी एकदा करून बघा

बागेत जाण्याआधी खुर्चीत ताठ बसा. नाकाने पोटभर श्वास घ्या. आता मध्ये श्वास न घेता "हा हा हा हा हा" म्हणत राहा, हवा संपेपर्यंत. एक हात पोटावर ठेवा. प्रत्येक 'हा'ला पोट आत ओढलं जाईल. शेवटच्या दोन-तीन 'हा'ला आवाज जवळजवळ नसेलच, तरी पोट झटके देत राहील. मग तोंड बंद केल्यावर जो श्वास आत येतो तो बघा. तो तुम्ही घेत नाही, तो स्वतःहून आत घुसतो.

हास्ययोगातला योग हा एवढाच आहे. आपण दिवसभर वरवर श्वास घेतो आणि अर्धवट सोडतो. हसणं म्हणजे तुकड्यातुकड्यांत सोडलेला लांबलचक उच्छ्वास. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने माणसांच्या हसण्याचं रेकॉर्डिंग करून मोजमाप घेतलं होतं. एक 'हा' साधारण 75 मिलिसेकंदांचा असतो आणि दर 210 मिलिसेकंदांनी पुढचा 'हा' येतो, म्हणजे सेकंदाला पाचेक. एवढ्या वेगाने पोटाला झटके द्यायची आपल्याला एरवी फारशी सवय नसते. त्यामुळे पहिल्या दिवसानंतर बरगड्यांच्या खाली दुखलं तर घाबरू नका. हसून हसून पोट दुखणं म्हणजे काय, हे बऱ्याच वर्षांनी कळतं एवढंच.

कुणी थांबावं, कुणी विचारून यावं

इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण 'हसण्याने कुणाचं काय बिघडणार' हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. बिघडू शकतं. जोरात हसताना पोटातला दाब वाढतो. हर्निया असेल, पोटाचं, छातीचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन गेल्या तीन महिन्यांत झालं असेल, मूळव्याधीतून रक्त जात असेल, गर्भाशय खाली सरकलेलं असेल, काचबिंदू असेल, फिट्स येत असतील, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा हृदयाचा गंभीर आजार असेल तर आपल्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय येऊ नका. गरोदर बायकांनीही विचारूनच यावं. दमा असलेल्यांनी इनहेलर खिशात ठेवावा, कारण हसता हसता खोकल्याची उबळ येऊन धाप लागू शकते. सर्दी-ताप असेल त्या दिवशी घरी राहा. इतकी माणसं तोंड उघडून हसत असतात, तिथे तुमचा फ्लू वाटायला नको.

आणि एक गोष्ट, जी क्लबात सहसा कुणी उघड सांगत नाही. हसताना, खोकताना लघवीचे थेंब जाणं हा त्रास पुष्कळ बायकांना असतो, विशेषतः बाळंतपणांनंतर किंवा पाळी गेल्यावर. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पुरुषांनाही होतो. या एका भीतीने माणसं यायची बंद होतात आणि कारण भलतंच सांगतात. निघण्याआधी लघवीला जाऊन या, पॅड लावा आणि सुरुवातीला अर्ध्या जोरानेच हसा. त्रास जास्त असेल तर डॉक्टरांना सांगा. त्यावर ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम असतात आणि ते गुणकारी असतात.

बाकी तयारी फार नाही. पोट रिकामं हवं, कपभर चहा चालेल. मी दुसऱ्याच दिवशी पोहे खाऊन गेलो होतो, जीभ बाहेर काढायच्या सिंहमुद्रेच्या वेळी त्या पोह्यांनी परत वर यायची तयारी दाखवली. कपडे सैल, पायात सपाट बूट, पाण्याची बाटली. कवळी असेल तर ती घट्ट बसते ना, हे घरून बघून या. आमच्याकडे एका आजोबांची कवळी 'मुक्त हास्या'त गवतावर पडली होती. ती शोधायला सगळा क्लब ओणवा झाला आणि त्या दिवशीचं खरं हसू ते होतं. आजोबाच सगळ्यात जास्त हसले, बिनदातांचे.

पहिल्या दिवशी काय काय होतं

सत्र साधारण 20 ते 40 मिनिटांचं असतं. क्लबागणिक क्रम थोडा बदलतो, सांगाडा तोच.

सुरुवात टाळ्यांनी. टाळी अशी वाजवायची की बोट बोटावर आणि तळवा तळव्यावर पूर्ण टेकेल. आरतीतली टाळी चालते, नाटकाच्या पडद्यानंतरची नाही. टाळीबरोबर ताल: "हो हो, हा हा हा". एक-दोन, एक-दोन-तीन. 'हो' बेंबीपासून, 'हा' छातीपासून. पाय जागच्या जागी हलवत राहायचं. लाज वाटत असेल तर याच टप्प्यावर सगळ्यात जास्त वाटते, कारण अजून अंगात काही शिरलेलं नसतं. त्यावर माझा उपाय असा की पहिल्या दिवशी फक्त टाळी बघा. आपली टाळी शेजाऱ्याच्या टाळीबरोबर पडतेय का, एवढंच. तालात शिरलेल्या माणसाला लाजायला वेळ मिळत नाही.

मग श्वास. हात वर नेत नाकाने श्वास घ्यायचा, क्षणभर थांबायचं, हात खाली आणत सावकाश सोडायचा. सोडणं घेण्यापेक्षा लांब. प्रत्येक दोन-तीन हास्यप्रकारांनंतर हा श्वास परत येतो. नवे लोक याला मधली सुट्टी समजून गप्पा मारतात. ती सुट्टी नाही. ज्यांना चक्कर येते ते बहुतेक हाच भाग गाळणारे असतात. भराभर श्वास सोडत राहिलं तर डोकं हलकं होतं, ते ताळ्यावर आणायचं काम हा सावकाश श्वास करतो. तरीही गरगरलं तर सरळ बाकावर बसा, कुणाला काही सांगत बसू नका.

मग हास्यप्रकार. एकेक प्रकार अर्ध्या-पाऊण मिनिटाचा. पन्नासेक तरी प्रकार आहेत, आणि प्रत्येक क्लब आपले दोन-चार भर घालतो. नव्या माणसाने ओळखून ठेवावेत असे काही सांगतो.

नमस्कार हास्य सगळ्यात आधी येतं आणि सगळ्यात अवघड असतं. हात जोडून एकेकाजवळ जायचं, डोळ्यांत बघायचं आणि हसायचं. डोळ्यांत. आपल्याला शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाच्या डोळ्यांत बघायची सवय राहिलेली नाही, इथे तर अनोळखी काकू समोर उभ्या असतात. पहिले चार दिवस मी लोकांच्या भुवयांकडे बघून हसायचो. ते चालतं, समोरच्याला फरक कळत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी नजर आपोआप दोन बोटं खाली सरकते.

एक मीटर हास्य कापडाच्या दुकानातून आलेलं आहे. डावा हात बाजूला ताणायचा, उजव्या हाताने मनगट, कोपर, खांदा असं "ए… ए… ए…" करत माप घेत यायचं आणि दोन्ही हात फाकून एकदम "हा हा हा" सोडायचं. मग दुसऱ्या बाजूने. यात हसण्याआधी ताण साठतो, म्हणून ते सुटताना खरं वाटतं. ज्याला काहीच जमत नाही त्याला हे जमतं.

मिल्कशेक हास्य म्हणजे दोन काल्पनिक पेल्यांतलं दूध या पेल्यातून त्या पेल्यात ओतायचं आणि मग घटाघटा पिऊन हसायचं. आमच्याकडे त्याचं ताक झालंय, रवी घुसळण्यासकट. मोबाइल हास्यात कानाला हात लावून पलीकडचा माणूस काहीतरी भलतंच मजेशीर सांगतोय असं दाखवत गोलात हिंडायचं. हे मी अनेकदा बागेबाहेरही वापरलंय, त्याबद्दल पुढे. भांडण हास्यात दोन तट पडतात आणि एकमेकांकडे तर्जनी नाचवत हसतात. नवरा-बायको एकत्र येत असतील तर या प्रकारात त्यांना समोरासमोर उभं करू नये, असं माझं मत आहे. काही बोटं जरा जास्तच मनापासून नाचतात.

सिंह हास्यावर मात्र थांबायला हवं. हे सिंहमुद्रेवरून घेतलंय: जीभ मुळापासून बाहेर, डोळे विस्फारलेले, हाताचे पंजे, आणि घशातून नव्हे, पोटातून हसायचं. चेहरा इतका ताणला जातो की काही सेकंदं आपण कसे दिसतो हा विचार करणंच शक्य नसतं. निवृत्त मुख्याध्यापक, बँकेच्या माजी मॅनेजर, वकील, सगळे एकाच वेळी जीभ बाहेर काढून उभे. 'हसतील त्याचे दात दिसतील' ही म्हण आपण आयुष्यभर ऐकलेली असते, इथे जीभ, हिरड्या आणि दाढांचं सिमेंटसुद्धा दिसतं. ज्या दिवशी तुम्ही सिंह हास्य डोळे मिटून न घेता केलंत त्या दिवशी तुमची लाज संपली समजा. मला त्याला अकरा दिवस लागले.

मूक हास्य गमतीचं आहे. तोंड उघडं, आवाज शून्य, नजरानजर चालू. वर्गात मागच्या बाकावर बसून हसू दाबायचो, तसं. बऱ्याच लोकांना खरं हसू पहिल्यांदा इथेच फुटतं. दाबलेलं हसू फार वेळ दाबलेलं राहत नाही. पण नाक-तोंड दोन्ही बंद करून दाबू नका, कानावर आणि डोक्यावर दाब येतो.

मधे मधे "व्हेरी गुड, व्हेरी गुड, ये!" असा अंगठे नाचवत केलेला गजर येतो. तो ऐकून इंग्रजी शाळेच्या बालवर्गात आल्यासारखं वाटतं. मला तो आजही आवडत नाही, पण मी करतो. काही क्लबांत त्याऐवजी "छान छान, वा वा" म्हणतात, ते कानाला बरं लागतं.

शेवटी मुक्त हास्य, म्हणजे बसून किंवा आडवं पडून, कुठलाही प्रकार न ठरवता हसू वाहू द्यायचं. आणि नंतर दोन-चार मिनिटं शांत. डोळे मिटून ओंकार किंवा नुसता गुंजारव. उठून लगेच पळू नका. हसण्याने वाढलेले ठोके या शांततेत खाली येतात, आणि बागेतले बुलबुल इतका वेळ ओरडत होते हे तेव्हा कळतं.

माझ्या चुका, म्हणजे तुम्हाला कराव्या लागणार नाहीत

पहिल्या आठवड्यात मी घशाने हसलो. आवाज मोठा निघावा म्हणून घसा ताणत होतो. शनिवारी आवाज बसला आणि त्याच दिवशी एका मुंजीत मला सगळ्यांचं स्वागत करायचं होतं. आवाजाची पट्टी मोठी असायची गरजच नाही. घशाला खरखर जाणवली की आवाज कमी करा आणि पोटाचा झटका वाढवा. कुजबुजल्यासारखं "हा हा" करूनही व्यायाम तेवढाच होतो.

दुसरी चूक तुलनेची. आमच्याकडे एक काका आहेत, त्यांचं गडगडाटी हास्य बागेच्या फाटकापर्यंत जातं. त्यांच्यासारखं हसायचा प्रयत्न केला तर ते नाटकी होतं. मराठीत हसण्याला किती शब्द आहेत ते बघा: खुदकन, खदखदून, फिदीफिदी, खो खो, गालातल्या गालात. तुम्ही मुळात गालातल्या गालात हसणारे असाल तर खो खो व्हायला वर्ष लागेल, कदाचित होणारही नाही. चालतं.

तिसरी गोष्ट चूक नव्हे, नियम आहे. कुणाला गुदगुल्या करायच्या नाहीत, ओढायचं नाही, कुणाच्या हसण्याला हसायचं नाही. आणि कुणी रडायला लागलं तर बघत बसायचं नाही. हे होतं. जोडीदार गेलेली, मुलं परदेशी असलेली माणसं असतात. हसता हसता बांध फुटतो. जवळ पाण्याची बाटली नेऊन ठेवावी आणि आपल्या जागेवर परत यावं.

फायदे किती खरे

क्लबात आणि व्हॉट्सअॅपवर जे सांगतात त्यातलं निम्मं वजा करा. हसण्याने कॅन्सर बरा होतो, ब्लॉकेज निघतात, असं कुणी म्हणालं तर नमस्कार हास्य करून पुढे सरका. गोळ्या हसत घ्या, पण घ्या.

नॉर्मन कझिन्स यांची गोष्ट हमखास सांगतात. हे अमेरिकन संपादक मणक्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले होते. दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास वेदनेविना झोप लागते, असा त्यांचा अनुभव. तो 1976 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला आणि तिथून या विषयाकडे डॉक्टरांचं लक्ष गेलं. पण एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे.

वेदनेबाबत त्याहून ठोस काम ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने 2011 मध्ये केलं. लोकांना विनोदी चित्रफिती दाखवल्या आणि त्याआधी-नंतर त्यांना किती वेदना सहन होते ते मोजलं. हसल्यावर सहनशक्ती वाढलेली दिसली. नुसतं प्रसन्न वाटून ती वाढत नव्हती, प्रत्यक्ष हसावं लागत होतं. जोरात हसण्याच्या श्रमाने शरीरात एंडॉर्फिन सुटत असावं, असा त्यांचा तर्क आहे.

हास्ययोगावरचा मला सगळ्यात प्रामाणिक वाटलेला अभ्यास तेहरानचा, 2011 मध्येच प्रसिद्ध झालेला. उदासीने ग्रासलेल्या वयस्कर बायकांचे तीन गट केले. एकाला हास्ययोगाची दहा सत्रं, एकाला गटाने व्यायामाची, एकाला काहीच नाही. हास्ययोग आणि व्यायाम, दोन्ही गटांतली उदासी कमी झाली, साधारण सारखीच. थोडक्यात, हसणं व्यायामाच्या तोडीस तोड उतरलं, जादू म्हणून नव्हे. ज्यांना गुडघ्यांमुळे चालवत नाही त्यांच्यासाठी ही फार मोठी बातमी आहे. खुर्चीत बसून हसता येतं. हे अभ्यास लहान असतात, आणि आपण हसतोय हे हसणाऱ्यापासून लपवता येत नाही, त्यामुळे औषधांसारखी पारख इथे होत नाही, हेही लक्षात असू द्या. ज्यांना उदासीसाठी औषधं चालू आहेत त्यांनी ती क्लबाच्या भरवशावर बंद करू नयेत.

वजन कमी करायला येत असाल तर आत्ताच सांगतो. 2007 च्या एका अमेरिकन मोजणीनुसार दिवसाला 10-15 मिनिटं हसण्याने 10 ते 40 कॅलरी खर्च होतात. म्हणजे एक, फार तर दीड मारी बिस्कीट. क्लबानंतरच्या चहाबरोबर तेवढी बिस्किटं आपण खातोच, हिशेब फिटला.

एक अनपेक्षित फायदा डोळ्यांचा. चीनमध्ये डोळे कोरडे पडणाऱ्या लोकांना दिवसातून चार वेळा, पाच-पाच मिनिटं, आठ आठवडे "ही ही ही, हा हा हा, चीज चीज चीज" असं म्हणायला लावलं. हा व्यायाम डोळ्यांत घालायच्या थेंबांपेक्षा कमी ठरला नाही. 2024 साली हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलंय. तरी थेंब फेकून देऊ नका, नेत्रतज्ज्ञांना विचारा.

'खोट्या आणि खऱ्या हसण्यातला फरक शरीराला कळत नाही' हे वाक्य तुम्हाला पहिल्याच दिवशी ऐकवतील. मला ते पटत नाही. लंडनच्या मेंदूशास्त्रज्ञ सोफी स्कॉट यांनी दाखवलंय की ऐकणाऱ्याच्या मेंदूलासुद्धा ओढूनताणून हसलेलं आणि उमळून आलेलं हसू वेगवेगळं कळतं. फुप्फुसांना मात्र फरक पडत नाही. उच्छ्वास तो उच्छ्वास. शिवाय प्रोव्हाइन यांच्याच निरीक्षणात माणसं एकटी असताना हसतात त्याच्या तीसपट चारचौघांत हसतात. चाळीस जणांत उभं राहून खोटं हसायला लागलं की खऱ्याला फार वेळ थोपवता येत नाही.

रोज येणं जमत नसेल तर

घरी दहा मिनिटं करता येतं, फक्त एकट्याने करताना लाज उलट्या बाजूने येते: बघायला कुणी नसताना आपण हे का करतोय? त्यासाठी वेळ बांधून घ्या. आंघोळीआधीची पाच मिनिटं उत्तम, बाथरूममध्ये आवाजही घुमतो. टाळ्या, तीन श्वास, एक मीटर हास्य दोनदा, सिंह हास्य आरशासमोर, शेवटी दोन मिनिटं शांत. गाडी चालवत असाल तर सिग्नलला काचा वर करून मोबाइल हास्य करता येतं. शेजारच्या रिक्षावाल्याला वाटतं फोन चालू आहे. हे गाडी थांबलेली असतानाच, चालत्या गाडीत नको.

परदेशातल्या फ्लॅटच्या भिंती पातळ असतात, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या आमच्या मंडळींची तक्रार असते. त्यांनी उशीत तोंड खुपसून हसावं किंवा मूक हास्य करावं. ऑनलाइन क्लबही भरतात. सगळ्यांचे माइक चालू असले तर आवाजांचा काला होतो, म्हणून फक्त पुढारी बोलतो आणि बाकीचे आपापल्या चौकटीत मूक हसतात. दिसायला विचित्र, पण चालतं.

आवाजाचा विषय भारतातही हलका घेऊ नका. मुंबईत कुर्ल्याच्या एका ज्येष्ठ रहिवाशाने पहाटेच्या हास्यक्लबाच्या गलक्याविरुद्ध थेट उच्च न्यायालय गाठलं होतं. आपलं आरोग्य सुधारताना रात्रपाळी करून आलेल्या कुणाची झोप मोडू नये. तुमच्या भागात क्लब नसेल आणि सुरू करायचा असेल तर बागेच्या खात्याला विचारा, इमारतींपासून लांबचा कोपरा घ्या, साडेसहाच्या आधी मोठ्याने हसू नका. माणसं पाच असली तरी पुरतात, लोखंडवालात तेवढीच होती.

तीन आठवडे द्या

पहिला आठवडा नुसता टाळ्यांचा आणि श्वासाचा समजा. हसणं जमलं तर जमलं. दुसऱ्या आठवड्यात नमस्कार हास्यात लोकांची नावं विचारायला लागा, हसण्याहून त्याचाच उपयोग जास्त होतो. मी आजारी पडलो तेव्हा दूध आणून देणारा माणूस मला याच गोलात भेटला. तिसऱ्या आठवड्यात एखादा हास्यप्रकार पुढे उभं राहून घ्या. पुढे उभं राहिलं की कळतं, समोरचे सगळे तुमच्याकडे बघत नसतात, ते आपापला श्वास सांभाळत असतात. तीन आठवड्यांनंतरही नको वाटलं तर खुशाल सोडा आणि चालायला जा. हास्ययोग सगळ्यांना मानवतोच असं नाही.

फी बहुतेक ठिकाणी नसते. सहलीची, वाढदिवसाच्या पेढ्यांची किरकोळ वर्गणी असते. सत्र संपल्यावर फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा होतो, त्याला थांबा. पहिल्या दिवशी नव्या माणसाचे पैसे कुणीतरी देतंच. दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन या.